हॅम्लेट, नॉर्थ कॅरोलिना: रेल्वेनं वसवलेलं आणि रेल्वे असूनही ओसरलेलं गाव

कोरांटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कॅरी, मॉरिसविल, रॅले या पट्ट्यात आपली बरीच मराठी मंडळी राहतात, आणि जवळपास सगळ्यांचा समज असा की ही गावं रिसर्च ट्रँगल पार्क या संशोधन-उद्योगांच्या वसाहतीमुळे झाली, म्हणजे १९५९ नंतर. वाढली तेव्हा हे खरंच आहे, पण वसली मात्र रुळांमुळे. मॉरिसविलचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या जेरमाया मॉरिसनी १८५२ मध्ये रेल्वेला तीन एकर जमीन दिली होती, इंजिनाला पाणी आणि सरपण भरायला. कॅरीत फ्रँक पेजनी रूळ येणार म्हणून जमीन घेतली, लाकडाची गिरणी काढली, दुकान काढलं आणि १८६८ च्या सुमारास प्रवाशांसाठी हॉटेल बांधलं. ते पेज-वॉकर हॉटेल अजून उभं आहे, तिथे आता कलाकेंद्र आहे, तुमच्यापैकी कित्येकांची मुलं तिथे चित्रकलेच्या वर्गाला जात असतील.

पण मला लिहायचंय ते हॅम्लेटबद्दल. कॅरीहून दक्षिणेला जाणारी जी लाइन आहे त्याच लाइनवर, रॅलेपासून शंभरेक मैलांवर, रिचमंड काउंटीत. वस्ती सहा हजारांच्या आसपास. मला या गावानं अक्षरशः झपाटलंय, कारण एखादं गाव रेल्वेनं कसं घडवलं हे इतकं उघड्यावर मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

गोष्ट अशी की त्या भागात आधी एक पूर्व-पश्चिम लाइन होती, विल्मिंग्टन बंदरापासून शार्लटकडे जाणारी. १८७० च्या दशकात जॉन शॉर्टरिज नावाच्या माणसानं तिथे जमीन घेतली. मग १८७७ मध्ये रॅलेकडून उत्तर-दक्षिण लाइन खाली आली आणि या दोन लाइनी जिथे एकमेकींना छेदून गेल्या तिथे गाव. बस, एवढंच कारण. नदी नाही, बंदर नाही, बाजारपेठ नाही, जमीन सँडहिल्सची म्हणजे नुसती वाळू आणि पाइनची झाडं. काउंटीचं मुख्य गाव रॉकिंगहॅम, ते तिथून पाच-सहा मैलांवर, कोर्ट तिकडे, कापडगिरण्या तिकडे. हॅम्लेटकडे फक्त ती रुळांची फुली.

त्या एका फुलीवर काय काय उभं राहिलं बघा. १९०० मध्ये सीबोर्ड एअर लाइन ही मोठी कंपनी तयार झाली आणि तिनं हॅम्लेटला आपलं मधलं ठाणं केलं. त्याच वर्षी डेपो म्हणजे स्टेशन बांधलं, लाकडी, दुमजली, आणि दोन्ही लाइनींच्या बरोबर बेचक्यात, त्यामुळे इमारतीचा कोपरा गोल वळवून घेतलाय आणि वर शंकूसारखं छप्पर. कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन्ही दिशांची गाडी दिसावी अशी रचना. गावाची लोकसंख्या १९०० च्या खानेसुमारीत सहाशेच्या आसपास, आणि १९१० मध्ये दोन हजारांच्या वर! दहा वर्षांत तिप्पट. हॅम्लेटहून पाच दिशांना लाइनी जायच्या: रॅले-रिचमंडकडे, विल्मिंग्टनकडे, शार्लटकडे, कोलंबिया-सव्हानाकडे आणि चार्ल्स्टनकडे. न्यूयॉर्कचा श्रीमंत माणूस हिवाळ्यात सीबोर्डनं फ्लोरिडाला निघाला की त्याची गाडी इथे थांबणार म्हणजे थांबणारच.

आता तोच डेपो सुंदर दुरुस्त करून ठेवलाय, संग्रहालय आहे, आणि गावाच्या मुख्य रस्त्यावरची अर्धी दुकानं बंद. रूळ तसेच आहेत, मालगाड्या रोज जातात, सीएसएक्स या मालवाहू रेल्वे कंपनीचं भलंमोठं यार्ड गावाबाहेर चालू आहे. मग गाव का ओसरलं? माझं मत असं की गाव रुळांवर जगत नव्हतंच, गाव जगत होतं ते गाडी *थांबण्यावर*. गाडी थांबायची कारणं एकेक करून संपली. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, ज्यांना दक्षिणेतल्या इतर रेल्वेगावांची माहिती आहे त्यांनी जरूर भर घाला.

---

खडीवाला

कोरांटीताई, फार छान धागा. थांबण्यावर जगणारं गाव हे अगदी बरोबर पकडलंत. माझे वडील भुसावळ विभागात गार्ड होते त्यामुळे हे मी घरात बघत मोठा झालोय, म्हणून जरा आतलं सांगतो.

वाफेच्या इंजिनाला दर काही मैलांवर पाणी लागतं, कोळसा लागतो, राख काढावी लागते, आणि शंभर-सव्वाशे मैल धावलं की शेडमध्ये घेऊन तपासावं लागतं. अमेरिकेत तर गाडीवरच्या माणसांचा पगारही त्यावरच बांधलेला होता, शंभर मैल म्हणजे एक दिवसाची ड्यूटी. ताई तुम्ही म्हणालात ना रॅलेपासून शंभरेक मैल, तिथेच सगळं आलं! रॅलेहून निघालेला ड्रायव्हर, फायरमन, कंडक्टर यांचा दिवस हॅम्लेटला संपणार, तिथे ते उतरणार, दुसरी टोळी चढणार, इंजिन बदलणार. उतरलेली माणसं झोपणार कुठे, जेवणार कुठे? म्हणून हॉटेलं, खानावळी, बोर्डिंग हाउस. आपल्याकडे रनिंग रूम असते तसंच, फक्त तिकडे बऱ्याच ठिकाणी ते काम खाजगी घरांनी केलं, म्हणजे विधवा बायका खोल्या भाड्यानं देऊन घर चालवायच्या. मग इंजिन दुरुस्तीचे कारखाने, म्हणजे लोहार, बॉयलरवाले, सुतार, मग त्यांची मुलं, मग शाळा, मग डॉक्टर. नकाशावर दिसते फक्त फुली पण खरं कारण हे अंतर आहे. नुसत्या फुल्या तर शेकड्यानं असतात, प्रत्येक फुलीवर गाव होत नाही.

आणि मग डिझेल आलं. डिझेलला पाणी नको, शेडमध्ये रोज तपासणी नको, एकच इंजिन पाचशे मैल जातं. १९४० नंतरच्या पंधरा वर्षांत दक्षिणेतल्या अशा गावांचा कणाच काढून घेतला गेला, आणि हे कुठल्या दुष्टपणानं झालं नाही, यंत्र चांगलं आलं म्हणून झालं, हेच मला जास्त लागतं.

---

नीलमोहर

वाचतेय. डेपोचा फोटो शोधून पाहिला, काय देखणा आहे! दोन लाइनी काटकोनात छेदतात ते नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगसारखंच ना?

---

खडीवाला

हो, डायमंडच म्हणतात तिकडेही. हॅम्लेटला गाडी डायमंडवरून जाताना आवाज ऐकण्यासारखा असतो. प्रत्येक चाक फटीवरून जाताना धाडकन आपटतं, त्यामुळे शंभर डब्यांची मालगाडी असेल तर दोन-तीन मिनिटं बोलणंच अशक्य.

---

पश्चिमवारा

लेख आवडला पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. "रेल्वेनं गाव वसवलं" हे वाक्य फार गोड आहे, त्यात माणसं दिसत नाहीत. नॉर्थ कॅरोलिना रेलरोड, म्हणजे कॅरी-मॉरिसविलवरून जाणारी ती जुनी लाइन, गोल्ड्सबरो ते शार्लट २२३ मैल, १८५६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात राज्य सरकारनं वीस लाख डॉलर घातले हे अभिमानानं सांगितलं जातं, पण माती उकरून भराव घातला तो बहुतेक करून गुलामांनी. आसपासच्या मळेवाल्यांनी आपले गुलाम कंत्राटावर दिले आणि त्या बदल्यात स्वतः शेअर घेतले. युद्धानंतर गुलामगिरी गेली तर पश्चिमेकडच्या डोंगरातल्या लाइनीसाठी कैदी आणले, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय, स्वनानोआच्या बोगद्यात कितीतरी मेले. म्हणजे ज्या रुळांवर ही गावं उभी राहिली ते कोणाच्या पाठीवर घातले हे धाग्यात यायला हवं.

हॅम्लेटमध्येही तेच. रेल्वेची नोकरी म्हणजे त्या काळात दक्षिणेत सोन्यासारखी नोकरी, रोख पगार, पेन्शन. पण ड्रायव्हर आणि कंडक्टर गोरेच. कृष्णवर्णीयांना फायरमन म्हणजे कोळसा ओढणं, पोर्टर, रुळांवरची गँग. युनियनच्या घटनेतच गोऱ्यांखेरीज सभासद नाहीत असं कलम, आणि डिझेल आल्यावर फायरमनचं काम हलकं झालं तर तीही जागा त्यांच्याकडून काढून घ्यायचे प्रयत्न. अलाबामाच्या एका फायरमननं, स्टील त्याचं नाव, कोर्टात धाव घेतली आणि १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की युनियन सगळ्यांच्या वतीनं बोलणार असेल तर तिनं सगळ्यांशी न्यायानं वागायला पाहिजे. तोवर दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या.

---

कोरांटी

पश्चिमवारा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, हे यायलाच हवं होतं. मी त्याला जोडून लिहिते. १९११ च्या जुलैत डरमहून एका कृष्णवर्णीय चर्चची सहल शार्लटला निघाली होती, गाडी खच्चून भरलेली, बायका-मुलं नटूनथटून, आणि हॅम्लेटला समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. डबे लाकडी होते, चुरा झाला. माणसं मेली, कितीतरी जखमी. गावाच्या इतिहासात डेपोच्या वैभवाच्या पानालगतच हे पान आहे.

आणि दुसरं असं की जी गाडी फ्लोरिडाला जाणाऱ्या श्रीमंतांना घेऊन दक्षिणेत यायची तीच परतीला दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना उत्तरेकडे न्यायची. पहिल्या महायुद्धापासून १९७० पर्यंत साठेक लाख लोक दक्षिण सोडून गेले. सीबोर्ड लाइनीनं जाणारे फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कला पोचायचे. याच गावात १९२६ मध्ये जॉन कोल्ट्रेनचा जन्म झाला, जॅझमधला केवढा मोठा सॅक्सोफोनवादक! काही महिन्यांचा असतानाच घरचे त्याला घेऊन हाय पॉइंटला गेले, आणि तेही रेल्वेचंच गाव, गोल्ड्सबरो-शार्लट लाइनीवरचा सगळ्यात उंच बिंदू म्हणून ते नाव. पुढे तोही फिलाडेल्फियाला गेला.

कोल्ट्रेन जन्मला त्याच वर्षी हॅम्लेटमध्येच टॉम विकर जन्मले, पुढे न्यूयॉर्क टाइम्सचे नावाजलेले पत्रकार, केनेडींची हत्या झाली त्या दिवशी डॅलसहून बातमी देणारे. त्यांचे वडील रेल्वेत मालगाडीवर कंडक्टर होते. एका वर्षात, काही गल्ल्यांच्या अंतरावर, ही दोन मुलं. पण एकाला रेल्वेचा पगार घरात आणि दुसऱ्याच्या समाजाला डेपोत बसायची खोलीसुद्धा वेगळी. मी डेपोत उभी होते तेव्हा हे फार प्रकर्षानं जाणवलं.

---

गुलबकावली

कोल्ट्रेन इथला?? आम्ही बीचवर जाताना कितीदा त्या बाजूनं गेलोय आणि एकदाही थांबलो नाही. पुढच्या वेळी नक्की.

---

उंबरठा

मी हेंडरसनजवळ राहतो, रॅलेच्या उत्तरेला, म्हणून लाइनीच्या दुसऱ्या टोकाची हकीकत सांगतो. हॅम्लेटला निदान रूळ तरी राहिले. आमच्याकडे नॉर्लिना नावाचं गाव आहे, तेही सीबोर्डचं जंक्शन, तिथून व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथकडे लाइन फुटायची. १९६७ मध्ये सीबोर्ड आणि तिची प्रतिस्पर्धी अटलांटिक कोस्ट लाइन या दोन कंपन्या एक झाल्या. समांतर दोन लाइनी एकाच कंपनीला कशाला हव्यात? मग १९८० च्या दशकात नॉर्लिना ते पीटर्सबर्ग रूळच उखडले. आज गावाच्या मधोमध तो पट्टा मोकळा पडलाय, दोन्ही बाजूंना दुकानं तोंड करून उभी आणि मधे नुसतं गवत.

आता तीच लाइन पुन्हा घालायचं चाललंय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं रॅले ते वेक फॉरेस्ट तुकड्यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर पैसे मंजूर केले, पुढे रिचमंडपर्यंत जलद गाडी न्यायचा बेत. वेक फॉरेस्टला घरांच्या किमती आधीच चढल्यात. नॉर्लिनाचे म्हातारे मात्र एकच विचारतात, थांबणार का इथे? वरती ताईंनी लिहिलंय तेच की.

---

खडीवाला

उंबरठा, हे विलीनीकरणाचं फार महत्त्वाचं सांगितलंत. विल्मिंग्टनचं पण बघा, अटलांटिक कोस्ट लाइनचं मुख्य ऑफिस तिथे होतं, १९५५ मध्ये जाहीर केलं की आम्ही फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला चाललो आणि १९६० मध्ये गेले. कारकून, हिशेबनीस, त्यांची कुटुंबं, सगळी सामानासकट. एका कंपनीच्या एका ठरावावर अख्खं शहर हादरलं. विल्मिंग्टनला बंदर होतं, समुद्र होता म्हणून सावरलं. हॅम्लेटला दुसरं काय होतं?

आणि यार्डाबद्दल. १९५० च्या दशकाच्या मध्यावर सीबोर्डनं हॅम्लेटला हंप यार्ड बांधलं, आग्नेय भागातलं त्या प्रकारचं पहिलंच. हंप म्हणजे मातीची टेकडी. मालगाडी मागून ढकलत टेकडीवर न्यायची, माथ्यावर एकेक डबा सोडायचा, तो उतारानं आपोआप घरंगळत खाली जातो, वर टॉवरमध्ये बसलेला माणूस बटण दाबून सांधा बदलतो आणि डबा आपल्या लाइनीत जाऊन लागतो. वेग फार झाला तर रुळाच्या कडेचे पोलादी जबडे चाकाला दाबून धरतात, तेव्हा जी किंचाळी उठते ती मैलभर ऐकू जाते. पूर्वी हे काम करायला ब्रेक फिरवणारी माणसं डब्यांवर चढायची. म्हणजे गावाला वाटलं कंपनीनं केवढी गुंतवणूक केली, खरंच केली, पण गुंतवणूक होती माणसं कमी करण्यात.

---

नीलमोहर

बापरे. हे वाचून १९९१ च्या आगीची आठवण झाली, ती हॅम्लेटचीच ना?

---

पश्चिमवारा

हो. ३ सप्टेंबर १९९१. कोंबडीचं मांस तळून पॅक करणारा कारखाना, आग लागली आणि दरवाजे बाहेरून कुलूपबंद, कारण मालकाला संशय की कामगार कोंबडी चोरतात. २५ जण मेले, पन्नासच्या वर जखमी. अकरा वर्षांत एकदाही सरकारी सुरक्षा तपासणी झाली नव्हती. मालकाला शिक्षा झाली, वीस वर्षांना थोडी कमी, त्यातली चारेक वर्षं भोगली.

हा रेल्वेशी संबंध नसलेला विषय वाटेल पण मला तो सरळ जोडलेला दिसतो. ज्या गावात रेल्वेचा पगार होता, युनियन होती, तिथे तो पगार गेल्यावर जे आलं ते किमान वेतनावरचं काम, युनियन नाही, आणि मेलेल्यांत बायका जास्त, अनेक एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या. काम सोडून जायचं तर दुसरं काम कुठे?

---

उंबरठा

सहमत, फक्त एक. कापडगिरण्याही त्याच काळात बंद पडत होत्या, रॉकिंगहॅमच्या सुद्धा. सगळा भार रेल्वेवर नको टाकायला. रस्त्यांचंही आहे, पन्नासच्या दशकात सरकारनं सगळा पैसा हायवेत ओतला.

---

वऱ्हाडी_वाट

मी अमरावतीचा, सध्या शार्लटला. एक जोड देतो, कारण ही कहाणी आपल्याकडच्या कापसाशी बांधलेली आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, विल्मिंग्टन हे त्यातलं शेवटपर्यंत तग धरलेलं मोठं बंदर. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग नजर वळली वऱ्हाड-खानदेशाकडे, मुंबईत कापसाच्या भावानं पैशाचा पूर आला आणि युद्ध संपल्यावर ओसरला तेव्हा बँका बुडाल्या. पण जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन तोवर वऱ्हाडात शिरली होती, १८६७ मध्ये नागपूरला पोचली. खामगावला खास कापसासाठी फाटा काढला, १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयो स्वतः उद्घाटनाला आले होते. म्हणजे कॅरोलिनातले रूळ लढाईत उखडले जात होते तेव्हा त्याच कारणानं आमच्याकडे पडत होते. बडनेऱ्याला राहिलेल्या माणसाला हॅम्लेट वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

---

कोरांटी

वऱ्हाडी_वाट, हे भन्नाट आहे, यावर वेगळा धागा काढाच.

उंबरठा, हायवेचं खरं आहे आणि त्याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणजे कॅरी. १९६० च्या खानेसुमारीत हॅम्लेट साडेचार हजारांच्या आसपास आणि कॅरी तेहतीसशेच्या आसपास! म्हणजे हॅम्लेट मोठं होतं. २०२० मध्ये कॅरी पावणेदोन लाखांना टेकलं. एकच लाइन दोन्ही गावांतून जाते, एकाच गाडीला दोन्हीकडे थांबा. फरक एवढाच की कॅरीला रेल्वेची गरज संपली तेव्हा शेजारी विद्यापीठं, राजधानी आणि रिसर्च पार्क होतं. हॅम्लेटवाल्यांनी काही कमी केलं असं मला मुळीच वाटत नाही.

---

गुलबकावली

मग अशा गावानं करायचं काय? संग्रहालयानं पोट भरतं का?

---

कोरांटी

पूर्ण नाही भरत. याच राज्यातल्या स्पेन्सरचं उदाहरण घ्या, सदर्न रेल्वे या कंपनीचं १८९६ चं इंजिन दुरुस्तीचं गाव, वॉशिंग्टन आणि अटलांटाच्या बरोबर मधोमध. डिझेल आल्यावर कारखाना बंद होत गेला, कंपनीनं ती जागा राज्याला दिली आणि आता तिथे राज्याचं वाहतूक संग्रहालय आहे, ३७ खोबणींचं गोल शेड, इंजिन फिरवायचं चालतं टर्नटेबल, मुलांची शाळेची सहल तिथे ठरलेलीच. पण तिथे राज्य पाठीशी उभं राहिलं, कायम बजेट, पगारी माणसं. हॅम्लेटमध्ये हे काम मुख्यतः गावानं आणि निवृत्त रेल्वेवाल्यांनी धरून ठेवलंय. या शतकाच्या सुरुवातीला तो अख्खा डेपो उचलून रुळांच्या पलीकडे नेला, कारण डायमंडला इतका खेटून होता की धक्क्यांनी खिळखिळा होत होता. एवढ्याशा गावानं हे केलं! जवळच टोर्नेडो या इंजिनाची प्रतिकृती ठेवलीय, मूळ इंजिन १८४० मध्ये रॅलेला आलेलं. माहिती सांगणारे आजोबा स्वतः यार्डात काम केलेले, त्यांना विचारलं की कुठला सांधा कुठे होता तर ते हातानं हवेत यार्ड काढून दाखवतात.

मला वाटतं अशा गावांना पहिलं काय द्यायला हवं तर दिवसाउजेडी थांबणारी गाडी. आत्ता अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीची जी गाडी आहे ती हॅम्लेटला अडनिड्या वेळी येते, दक्षिणेकडे जाणारी रात्री उशिरा आणि उत्तरेकडे जाणारी पहाटेच्या सुमाराला. कोण उतरणार त्या वेळी? शार्लट-रॅले मार्गावर राज्य सरकार दिवसाच्या गाड्यांना पैसे देतं आणि त्या भरून जातात. तसाच एक डबा-दोन डब्यांचा का होईना, रॅले-हॅम्लेट फेरा का होऊ नये? सदर्न पाइन्सला गोल्फवाले आहेत, सॅनफर्डला नवे कारखाने येतायत, मधे लोक आहेत. रूळ सीएसएक्सचे आहेत म्हणून अवघड आहे हे मान्य, पण रॅलेच्या उत्तरेची लाइन राज्यानं घ्यायचं ठरवलंच ना.

---

नीलमोहर

मुलांना घेऊन जायचं तर गाडीनं जमेल का मग?

---

कोरांटी

मुलांना घेऊन रात्री नको, कारनं जा, कॅरीहून यूएस १ धरला की सरळ, पावणेदोन-दोन तास. संग्रहालय रोज उघडं नसतं तेव्हा निघण्याआधी वेळ बघून घ्या. डेपोसमोर गाड्या बघायला जागा आहे, सावली आहे, खुर्ची नेलीत तर उत्तम. आणि कोल्ट्रेनचा जन्म झाला ती जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हॅम्लेट अ‍ॅव्हेन्यू आणि ब्रिजेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, पाटी लावलेली आहे. गुलबकावली, तुम्हीही बीचला जाताना तेवढं करा.

---

खडीवाला

पाणी आणि कानात घालायला कापूस न्या लहान मुलांसाठी, डायमंडचा आवाज खरंच मोठा असतो. आणि ताई, त्या रॅले-हॅम्लेट फेऱ्यासाठी राज्याच्या रेल्वे विभागाकडे सूचना पाठवायची असेल तर मसुदा इथेच टाका, मी तांत्रिक भाग बघून देतो.